जोवर आणि तोवर



आज मी तुम्हांला संगणकातल्या एका गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. संगणकाचे नाव ऐकताच काही मंडळी कानावरून वारे गेल्यासारखे करतात. 'हे शहरातल्या पोरांचे काम, आपल्याला त्याचे काय!' असे म्हणतात. म्हणून मी संगणकापासून सुरुवात करीत नाही. जात्यापासून करतो.

पुष्कळ घरांत आता जाते उरलेले नाही. गिरणीने ते अंगणाच्या कोपऱ्यात नेऊन टाकले. पण तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना पहाटेची ती घरघर आठवत असेल. दळणारी बाई काय करी? शेजारी ज्वारीची टोपली. त्यातला एक घास उचलून जात्याच्या तोंडात घालायचा, खुंटा धरून जाते फिरवायचे, घास संपला की दुसरा घालायचा. आणि टोपली रिकामी झाली की उठायचे. हे सगळे काम एका वाक्यात सांगा पाहू. 'जोवर टोपलीत ज्वारी आहे, तोवर घास घाल आणि दळ.' झाले! ज्याला संगणकाच्या पुस्तकात 'लूप' म्हणतात, आणि मराठीत आपण आवर्तन किंवा फेरा म्हणू, तो हाच. त्याची सारी किल्ली 'जोवर' आणि 'तोवर' या दोन शब्दांत आहे, आणि हे दोन शब्द आपल्या घरात केव्हाचेच आहेत.

आता जरा बारकाईने बघा. या दळणात एक फेरा नाही, दोन आहेत. टोपली रिकामी होईपर्यंत घास घालत राहणे हा मोठा फेरा. त्याच्या पोटात, घास संपेपर्यंत जाते फिरवीत राहणे हा लहान फेरा. मोठ्याची एक पायरी पुरी व्हायची तर लहान फेरा आधी संपूर्ण व्हावा लागतो. घास संपला हे बाईला कसे कळे? आवाजावरून. रिकामे जाते फिरवले तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. म्हणजे काम कसे करायचे एवढेच ठाऊक असून भागत नाही. केव्हा थांबायचे हेही ठाऊक लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आणखी एक मौज. जाते फिरते तसेच फिरते, पण ओवी दर वेळी नवी असते. पहिली ओवी एका देवाला, दुसरी दुसऱ्याला, तिसरी आईबापांना, असे मोजत बायका गात. फिरणे तेच, मोजणी मात्र एकेकाने पुढे सरकते. संगणकाच्या फेऱ्यातही असेच एक मोजणारे घर असते. दर फेरीला त्यातला आकडा एकाने वाढतो. या जिल्ह्याला तर जात्याचे विशेष अगत्य असायला हवे. संत जनाबाई गंगाखेडच्या, असे परंपरा सांगते. नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता त्यांनी अभंग रचले. कामाला हात जुंपलेले आणि मन मोकळे, हे जात्यानेच शक्य केले.

गंगाखेडहून आता पाथरीला जाऊ. सोळाव्या शतकाच्या आरंभी या गावावरून निजामशाही आणि इमादशाही यांच्यात लढाया चालल्या होत्या. जुन्या संस्कृत ग्रंथांत गोदाकाठच्या एका पार्थपुराचे नाव येते. पार्थपूर म्हणजेच आजची पाथरी, असे अभ्यासक मानतात. तेथे ज्ञानराज नावाचे ज्योतिषी राहत. १५०३ च्या सुमारास त्यांनी 'सिद्धांतसुंदर' हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला. त्यांचे पुत्र सूर्यदास, ज्यांना सूर्यपंडित असेही म्हणतात, तर फारच चतुर गृहस्थ. त्यांचे एक काव्य सरळ वाचले तर रामकथा निघते आणि प्रत्येक ओळ शेवटाकडून उलटी वाचली तर कृष्णकथा! पण आपल्याला आज त्यांची दुसरी कामगिरी हवी आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथावर त्यांनी १५३८ मध्ये 'सूर्यप्रकाश' नावाची टीका लिहिली आणि पुढे १५४१ मध्ये 'लीलावती'वरही लिहिली. एका सुलतानाचा अंमल जाऊन दुसऱ्याचा येत होता, त्या दिवसांत पाथरीचा हा पंडित जुने गणित पुढच्या पिढीला समजावे म्हणून ते उलगडून लिहीत बसला होता. शिक्षकाचा धंदा तो हाच.

आता त्या 'बीजगणिता'त असे काय होते? भास्कराचार्यांनी तो ग्रंथ ११५० मध्ये पुरा केला. त्यात एक रीत आहे, तिचे नावच मुळी 'चक्रवाल'. चक्रासारखी फिरणारी, ती चक्रवाल. प्रश्न असा: अशी एक वर्गसंख्या काढा की तिला ६१ ने गुणून एक मिळवला असता येणारी संख्याही वर्गच असेल. ऐकायला सोपा वाटतो. करून पाहा, म्हणजे घाम फुटेल. लहानात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८० या संख्येचा वर्ग. आणि त्यावरून येणारी संख्या ही १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग असते! एकेक आकडा घालून पाहू म्हणाल तर जन्म पुरायचा नाही. भास्कराचार्यांची रीत अशी की, प्रथम एक अदमासाचे उत्तर घ्यायचे. त्यात जी चूक राहील तिच्यावरून ठरावीक नियमाने दुसरे उत्तर काढायचे. त्या उत्तराला पुन्हा तोच नियम लावायचा. चूक बरोबर एक उरेपर्यंत चाक फिरवीत राहायचे. थोड्याच फेऱ्यांत ते प्रचंड उत्तर हाती येते. हाच प्रश्न फ्रान्सचा मोठा गणिती फर्मा याने १६५७ मध्ये युरोपातल्या गणित्यांपुढे टाकला होता. तोवर भास्कराचार्यांच्या ग्रंथाला पाचशे वर्षे होऊन गेली होती.

ही रीत एकट्या भास्कराचार्यांची नव्हे. त्यांच्या आधी ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये तिचा पाया घातला होता, जयदेव नावाच्या गणित्यालाही ती ठाऊक होती. आणि फेऱ्याचे गणित म्हणाल तर त्याहूनही जुने आहे. आर्यभटाच्या ४९९ च्या ग्रंथात एक रीत आहे, तिला पुढे 'कुट्टक' हे नाव पडले. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणारा. बघा, येथेही पुन्हा दळणकांडणच आले!

त्या कुट्टकाचे बीज तुम्हांला दोन दोरांवर दाखवतो. गुरुजींनी हे वर्गात जरूर करून पाहावे. एक दोर ४८ हात, दुसरा १८ हात. दोन्हींचे सारख्या लांबीचे तुकडे करायचे आहेत, काही उरता कामा नये, आणि तुकडा होईल तितका लांब हवा. तर काय करायचे? लांब दोरावर आखूड दोर मापत जा. ४८ मधून १८ दोनदा गेले, १२ उरले. आता १८ वर १२ मापा. एकदा गेले, ६ उरले. आता १२ वर ६ मापा. दोनदा गेले, काही उरले नाही. थांबा! उत्तर ६ हात. पहिल्या दोराचे आठ तुकडे, दुसऱ्याचे तीन. पोरांना आपण मसावि शिकवतो तो हाच. रीत एका ओळीत मावते: 'जोवर काही उरते, तोवर लहानावर उरलेले माप.' आकडे कितीही मोठे घ्या, ओळ तेवढीच राहते. आवर्तनाची खरी ताकद ही आहे. सांगणे थोडके, काम पुष्कळ.

आता एखादा चौकस विद्यार्थी विचारील, 'गुरुजी, हे मापणे कधीच संपले नाही तर?' असा प्रश्न विचारणाऱ्या पोराची पाठ थोपटा. उत्तर असे की, दर फेरीला उरलेला भाग आधीच्याहून लहानच असतो, आणि पूर्ण आकडे लहान होत होत शून्यावर येऊन टेकणारच. म्हणून फेरा संपणार, याची हमी आहे. चक्रवालाची अशी हमी मात्र सहज सापडली नाही. ते चाक दर वेळी उत्तरावर येऊन थांबतेच, याची सिद्धता म्हैसूरचे गणिताचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९–३० मध्ये दिली. रीत हाती होती आठशे वर्षांची, पण ती थांबेलच हे दाखवायला एवढा काळ गेला!

यावरून 'आमच्या पूर्वजांनी संगणक शोधला होता' असे मात्र कोणी म्हणू नये. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्यांनी यंत्र केले नव्हते. त्यांनी फेऱ्याचा विचार केला होता, आणि तो चांगला केला होता. फेरे फिरायचे ते माणसाच्या हाताने, खडू आणि पाटीवर. ते फिरणे यंत्राच्या गळ्यात कसे पडले, ती गोष्ट दुसरीकडची आहे.

ती सुरू होते कापड विणण्यापासून. फ्रान्समध्ये जाकार नावाच्या विणकराने १८०४ च्या सुमारास असा माग केला की, नक्षीतला कोणता धागा वर उचलायचा हे भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या मागाला सांगत. पट्ट्या एकमेकींना ओवून त्यांची माळ केली की नक्षी पुन्हा पुन्हा येई. या पट्ट्या पाहून इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी विचार केला, नक्षी विणता येते तर गणित का विणता येऊ नये? त्यांनी एका मोठ्या यंत्राचे आराखडे केले. ते यंत्र कधीच पुरे झाले नाही. परंतु एडा लव्हलेस नावाच्या बाईंनी १८४३ मध्ये त्या यंत्रावर विस्तृत टिपा छापल्या. बर्नुली नावाच्या संख्या यंत्राकडून कशा काढून घ्याव्या याचा तक्ता त्यांनी दिला, आणि त्यात त्याच त्या क्रियांचा गट पुन्हा पुन्हा चालवायचा हे स्पष्ट लिहिले. यंत्र जन्माला आले नव्हते, पण त्याला द्यायचा फेरा कागदावर तयार होता.

पुढे शंभर वर्षांनी, १९४४ मध्ये, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे एक यंत्र सुरू झाले. त्याला आज्ञा द्यायच्या त्या भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. तेच काम पुन्हा करवायचे असेल तर काय करीत असतील? पट्टीची दोन टोके एकमेकांना जोडून टाकीत! पट्टीचे कडे होई आणि ते फिरत राही. इंग्रजीत लूप म्हणजे असाच वळसा, फास. आवर्तन म्हणजे काय हे त्या काळी डोळ्यांनी दिसत असे.

यानंतर आली एक तारीख, आणि ती मराठवाड्याच्या माणसाच्या काळजाला भिडेल. २१ जून १९४८. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे एका लहानग्या यंत्राने आपली पहिली आज्ञावली चालवली. या यंत्राचे वैशिष्ट्य असे की आज्ञा कागदावर नव्हत्या, यंत्राच्या स्वतःच्या स्मरणात साठवलेल्या होत्या. आज्ञा किती? अवघ्या १७. काम असे की, २,६२,१४४ या संख्येला निःशेष भाग जाणारी तिच्याहून लहान अशी मोठ्यात मोठी संख्या शोधायची. यंत्राला भागाकार येत नव्हता, फक्त वजाबाकी येत होती. तेव्हा एकेक आकडा खाली उतरत जायचे, आणि प्रत्येक आकडा पुन्हा पुन्हा वजा करून पाहायचा. मोठ्या फेऱ्याच्या पोटात लहान फेरा. म्हणजे टोपली आणि घास! यंत्राने सुमारे ३५ लाख क्रिया केल्या आणि ५२ मिनिटांनी उत्तर दिले, १,३१,०७२. सतरा आज्ञा आणि पस्तीस लाख क्रिया, हा हिशोब ध्यानात घ्या.

त्या जून महिन्यात आपल्याकडे काय चालले होते? परभणी तेव्हा निजामाच्या राज्यातला एक जिल्हा होता. रझाकारांच्या भयाने कित्येक कुटुंबे घरे सोडून सरहद्दीपलीकडे गेली होती. सप्टेंबरच्या १७ तारखेला निजामाने शरणागती दिली आणि मराठवाडा मोकळा झाला. तिकडे यंत्राची पहिली बाराखडी चालली होती, तेव्हा इकडे माणसे आपल्या घरी परत येण्याची वाट पाहत होती. उशीर आपल्याला झाला तो बुद्धी कमी म्हणून नव्हे.

आणि फार उशीरही झाला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःच्या हाताने संगणक बांधला. त्याचा छोटा नमुना १९५६ मध्ये चालू झाला आणि पूर्ण यंत्र १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या जन्मवर्षी. १९६२ मध्ये त्याला 'टिफरॅक' हे नाव मिळाले. त्याच सुमारास जगात संगणकाशी बोलायच्या भाषा तयार होत होत्या. १९५७ च्या फोरट्रान भाषेत फेऱ्यासाठी 'डू' हा शब्द होता. आज शाळेतल्या पुस्तकांत 'फॉर' आणि 'व्हाइल' हे दोन शब्द येतात. किती वेळा करायचे ते आधीच ठरलेले असेल तेथे 'फॉर'. उदाहरणार्थ, दहा तासांची पेरणी, दर तासाला तिफण एकदा. किती वेळा ते ठाऊक नाही, पण केव्हा थांबायचे ते ठाऊक आहे, तेथे 'व्हाइल'. उदाहरणार्थ, वाफा भरेपर्यंत पाणी. यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

आता ते मघाचे वाक्य. केव्हा थांबायचे हे ठाऊक लागते. बाईला ते कानाने कळे. यंत्राला कान नाही. जे सांगाल तेवढेच त्याला ठाऊक. ३१ डिसेंबर २००८ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'झून' नावाची गाणी ऐकवणारी यंत्रे एकाएकी गोठली. कारण काय? घड्याळाच्या आज्ञावलीत एक फेरा होता: 'दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोवर एकेक वर्ष वजा कर.' लीप वर्षात मात्र दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच वजा कर, असे सांगितलेले. ते वर्ष लीप वर्ष. शेवटच्या दिवशी आकडा झाला बरोबर ३६६. तो ३६५ पेक्षा जास्त, म्हणून थांबायचे नाही. ३६६ पेक्षा जास्त नाही, म्हणून वजाही करायचे नाही. झाले! यंत्र रिकामे जाते फिरवीत बसले. दुसऱ्या दिवशी आकडा ३६७ झाला आणि सगळे सुरळीत. लिहिणारा अडाणी नव्हता; तीनशे सहासष्टाव्या दिवसाचा विचार करायला विसरला, एवढेच.

दुसरी चूक याहून साधी. शेताला तारेचे कुंपण घालायचे आहे. दोन खांबांत दहा हात अंतर, एका बाजूची लांबी शंभर हात. खांब किती? वर्गात विचारा, निम्मी मुले दहा म्हणतील. खांब लागतात अकरा. गाळे दहा, खांब अकरा. मोजणी शून्यापासून की एकापासून, शेवटचा धरायचा की सोडायचा, येथे भलेभले घसरतात.

तेव्हा शिक्षकहो, शाळेत संगणक नसला, किंवा असूनही वीज नसली, तरी हा धडा अडत नाही. फळ्यावर दोन घरे काढा, 'अंक' आणि 'बेरीज'. अंकात १ लिहा, बेरजेत ०. मग आज्ञा लिहा: 'जोवर अंक दहाहून मोठा नाही, तोवर बेरजेत अंक मिळव, मग अंक एकाने वाढव.' एका मुलाला यंत्र करा. त्याने स्वतःची अक्कल चालवायची नाही, सांगितले तेवढेच करायचे. इतरांनी दर फेरीचे आकडे वहीत उतरवायचे. शेवटी ५५ यावेत. ४५ आले तर दहा सुटला. मग मुद्दाम 'अंक एकाने वाढव' ही आज्ञा पुसून टाका आणि तोच खेळ पुन्हा लावा. अंक एकच राहील, बेरीज वाढत जाईल, आणि यंत्र झालेले पोर थोड्या वेळाने रडकुंडीला येऊन म्हणेल, 'गुरुजी, हे संपतच नाही!' त्या क्षणी सगळ्या वर्गाला आवर्तन कळले असे समजा.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. सगळीच मुले काही संगणकाची नोकरी धरणार नाहीत, आणि धरावी असेही नाही. पण खेड्यातल्या मुलाला पहिल्याच धड्यात 'हे आपले नव्हे' असे वाटले की ते गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलाला पुढची दारे दिसत नाहीत. त्याला घरी जाऊन आजीला विचारायला सांगा, घास संपला हे तुला कसे कळत होते? आजी सांगेल. ती शाळेत गेलेली नसेल, पण उत्तर तिच्यापाशी आहे.

आता फिरण्याचे कष्ट यंत्राने घेतले, ते बरेच झाले. पण कशासाठी फिरायचे आणि कोठे थांबायचे, हे ठरवण्याचे काम माणसाकडेच राहिले आहे. ते काम आपल्या पोरांना जमावे, एवढीच इच्छा.